भूमध्य सागराचा किनारा आणि रझा ह्यांची निसर्गचित्रे

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत मुंबईतील अनेक तरुण चित्रकारांनी युरोपची वाट धरली. फ्रान्सिस न्यूटन सोझा १९४९ मध्ये लंडनला गेले. सैयद हैदर रझा ऑक्टोबर १९५० मध्ये फ्रान्सला निघाले. सदानंद बाकरे १९५१ मध्ये लंडनला, तर अकबर पदमसी त्याच वर्षी पॅरिसला पोचले. जहांगीर साबावाला ह्या सर्वांच्या अगोदर गेले होते. ते १९५१ मध्ये शिक्षण संपवून मुंबईस परतले. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटींचा मार्ग त्या काळी ठरलेला होता : एडन, तांबडा समुद्र, सुवेझचा कालवा, पोर्ट सैद आणि त्यानंतर भूमध्य सागर. फ्रान्सला जाणाऱ्या उतारूंचे नेहमीचे बंदर मार्सेय हे होते. युरोपची पहिली ओळख अशा रीतीने पॅरिसच्या संग्रहालयांतून होण्यापूर्वी दक्षिणेच्या किनाऱ्यावर होत असे.

ह्या प्रवासाने चित्रांत काय घडवून आणले, ह्या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे, की हे चित्रकार पॅरिसच्या प्रचलित शैलीच्या आहारी गेले आणि त्यांची त्या काळातील निर्मिती म्हणजे परभृत निर्मिती होय. दुसरे उत्तर वरकरणी अधिक उदार आहे. त्याप्रमाणे युरोपातील वर्षे हा एक वळसा होता. चित्रकार पुढे स्वदेशीय प्रतीकांकडे परतला आणि तेथेच त्याचे खरे कार्य सुरू झाले. रझा ह्यांच्या बाबतीत हे दुसरे उत्तर विशेष रूढ आहे, कारण 'बिंदू' ह्या प्रतीकाने त्यांची नंतरची कीर्ती व्यापून टाकली आहे. दोन्ही उत्तरांत एक दोष समान आहे. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील गावांची जी चित्रे रझा ह्यांनी १९५१ पासून काढली, ती प्रत्यक्ष पाहण्याची गरज ह्यांपैकी कोणत्याही उत्तराला भासत नाही. पहिले त्यांना नक्कल म्हणून बाजूस सारते, दुसरे पूर्वतयारी म्हणून. ती चित्रे पाहिली असता मात्र एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. किनाऱ्याच्या प्रवासातून जन्मलेल्या ह्या चित्रांत समुद्राला विषयाचे स्थान नाही. प्रवासाने चित्रकाराला पाणी दिले नाही, बांधणी दिली. आणि त्या बांधणीची मागणी फ्रान्समध्ये पोचण्यापूर्वीच निर्माण झालेली होती.

नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांतील अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नांदेडहून मुंबईचा किनारा रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. गोदावरी आणि तिला मिळणारी मांजरा ह्या दोन्ही नद्या आपले पाणी अखेर बंगालच्या उपसागराकडे नेतात. म्हणजे ह्या भागातील पावसाचे पाणीदेखील मुंबईच्या समुद्राला भेटत नाही. अशा प्रदेशात समुद्र हा डोळ्यांनी पाहण्याचा विषय होण्यापूर्वी ऐकण्याचा, आणि वस्तूंच्या रूपाने हाताळण्याचा विषय होता. लातूरच्या पश्चिमेस असलेले तेर, म्हणजे प्राचीन तगर, ह्याचे उत्तम उदाहरण आहे. (लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा होईपर्यंत तेर आणि लातूर एकाच जिल्ह्यात होते.) इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे आणि तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. उलट दिशेने भूमध्य सागराकडील वस्तू तेरपर्यंत येत. रोमन मद्यकुंभांचे तुकडे तेथे सापडले आहेत. तेरच्या संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य तर सर्वश्रुत आहे.

चित्रकलेपुरते बोलावयाचे तर मराठवाड्यातील समुद्राची सर्वांत जुनी चित्रे अजिंठ्यास आहेत. दुसऱ्या लेण्यातील पूर्णाच्या कथेतील गलबत आणि सतराव्या लेण्यातील सिंहलाच्या कथेतील समुद्रप्रवास ही दोन्ही चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून किनाऱ्यापासून शेकडो मैल आत रंगविलेली आहेत. पूर्णाच्या गलबताला तीन डोलकाठ्या आहेत, वल्ही आहेत, मागील बाजूस ओळीने मांडलेले कुंभ आहेत, नाळेवर डोळा काढलेला आहे. गलबत असे बारकाईने रेखाटले आहे. पाणी मात्र संकेताने दाखविले आहे. हे कसबाच्या उणिवेचे लक्षण नव्हे. चित्रकाराला जी गोष्ट सांगावयाची होती तिला गलबताची घडण आवश्यक होती, लाटांचा भास आवश्यक नव्हता. समुद्राच्या चित्रात समुद्र गौण ठरण्याची ही रीत रझा ह्यांच्या चित्रांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र अजिंठ्याच्या चित्रांचा त्यांच्यावर थेट परिणाम झाला, असे येथे सुचवावयाचे नाही. तशा प्रकारची वंशावळ जुळविण्याचा मोह कलेतिहासात फार घात करतो.

अजिंठ्याच्या ओघात आणखी एका प्रवासाचा उल्लेख करणे योग्य होईल, कारण तो उलट दिशेचा आहे. नांदेड आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या सरकारने १९२० ते १९२२ ह्या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या दुरुस्तीसाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी ह्या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले होते. गुलाम याझदानी हे त्या वेळी संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. इटलीतील भित्तिचित्रांवर तयार झालेले कसब त्यांनी येथील गिलाव्यावर चालविले. सुटलेले पापुद्रे त्यांनी पुन्हा बसविले, आणि त्याच वेळी चित्रांवर लाखेचे रोगणही चढविले. ते रोगण पुढे पिवळे व काळपट पडले आणि ते काढण्यात नंतरच्या रसायनज्ञांची अनेक वर्षे गेली. एका मातीत उपयोगी पडलेली रीत दुसऱ्या मातीत तशीच लागू पडत नाही, हे त्या रोगणाने फार स्पष्टपणे दाखविले आहे.

आता रझा ह्यांच्याकडे वळता येईल. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. त्यामुळे मुलाचे बालपण नर्मदेच्या खोऱ्यातील अरण्यात गेले. पुढे दमोह येथे शालेय शिक्षण झाले. १९३९ ते १९४३ ही वर्षे त्यांनी नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये काढली. मुंबईस ते १९४३ मध्ये आले आणि सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी १९४७ पर्यंत शिक्षण घेतले. म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत हा चित्रकार भारताच्या अगदी मध्यभागी वाढला होता. जंगल, नदी, तांबडी माती आणि नागपूरचा कोरडा उन्हाळा एवढीच त्याची दृश्य शिदोरी होती.

मुंबईतील त्यांची चित्रे जलरंगातील व अपारदर्शक जलरंगातील, म्हणजे ज्याला चित्रकार गॉश म्हणतात त्या माध्यमातील, आहेत. उपजीविकेसाठी ते एका ब्लॉक तयार करणाऱ्या कारखान्यात काम करीत आणि उरलेल्या वेळात रस्ते, चौक, गर्दी रंगवीत. १९४५ मधील 'मान्सूनमधील फ्लोरा फाउंटन' हे चित्र ह्या टप्प्याचे प्रातिनिधिक मानावयास हरकत नाही. मुंबईच्या निसर्गचित्रपरंपरेत ओल्या कागदावर रंग सोडून वातावरण पकडण्याची जी रीत मुरलेली होती, तिच्याशी ह्या चित्राचे नाते उघड आहे. पावसाने रस्ता आरशासारखा झाला आहे; इमारतींच्या कडा विरघळल्या आहेत; आकाश कोठे संपते आणि दगड कोठे सुरू होतो, हे निश्चित सांगता येत नाही. येथे एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. चित्रकार समुद्रकाठच्या शहरात आला तेव्हा त्याच्या चित्रांत पाणी शिरले ते पावसाच्या रूपाने. आणि पाण्याने जे प्रथम केले ते म्हणजे आकारांचा बंध सैल केला.

हा सैलपणा त्यांच्या चित्रांचा गुणही होता आणि मर्यादाही. बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्थांनी त्यांतील गुण ओळखला व त्यांना पदके दिली. युरोपातून मुंबईत आश्रयास आलेल्या वॉल्टर लँगहॅमर ह्या ऑस्ट्रियन चित्रकाराने, तसेच रूडॉल्फ फॉन लायडन ह्या समीक्षकाने, त्यांना प्रोत्साहन दिले. मर्यादेवर बोट ठेवले ते एका छायाचित्रकाराने.

१९४७ मध्ये रझा हे सोझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे ह्यांच्यासमवेत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'चे संस्थापक झाले. त्यानंतर ते काश्मीरला गेले. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांच्या हल्ल्यात बारामुल्ला हे गाव उद्ध्वस्त झाले होते. 'बारामुल्लाचे भग्नावशेष' हे रझा ह्यांचे १९४८ मधील चित्र त्याच गावाचे आहे. १९४८ मध्येच श्रीनगर येथे त्यांची आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच छायाचित्रकाराशी भेट झाली. रझा ह्यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, चित्रे पाहून कार्तिए-ब्रेसाँ ह्यांनी त्यांतील बुद्धिमत्ता मान्य केली, पण चित्राला इमारतीप्रमाणे पाया व भिंती लागतात, त्या येथे नाहीत, असा अभिप्राय दिला आणि सेझानचा अभ्यास करण्यास सुचविले. मुंबईस परतल्यावर रझा ह्यांनी फ्रेंच भाषा शिकण्यास प्रारंभ केला व फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळविली. ह्या घटनाक्रमाचे महत्त्व असे, की फ्रान्सला जाण्यापूर्वीच चित्रकाराचा प्रश्न निश्चित झालेला होता. तो दृश्यांच्या शोधात निघाला नव्हता; बांधणीच्या शोधात निघाला होता.

बारामुल्ल्याच्या चित्राकडे ह्या दृष्टीने पुन्हा पाहणे अगत्याचे आहे. त्यात घरे आहेत, पण ती कोणाची नाहीत. फाळणीच्या सुमारास रझा ह्यांचे आईवडील वारले व भावंडे पाकिस्तानात गेली. ते स्वतः भारतात राहिले. चित्रकाराच्या चरित्रातून चित्राचा अर्थ ओढून काढणे नेहमीच धोक्याचे असते. तरीही ओसाड गावाची प्रतिमा त्यांच्या हाताखाली प्रथम आली ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर नव्हे, तर झेलमच्या काठी, एवढे सत्य कालक्रमानेच सिद्ध होते.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याचा चित्रकलेतील इतिहास ह्या वेळेपर्यंत बराच जुना झाला होता. मोने ह्याने १८८८ मध्ये आंतीब येथे पाण्यावरील प्रकाश रंगविला होता. रन्वार आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे कान्य येथे राहिला आणि १९१९ मध्ये तेथेच वारला. मातिस १९१७ पासून नीस येथे राहत असे. पण ह्या परंपरेला एक दुसरी बाजूही आहे आणि रझा ह्यांच्या दृष्टीने तीच निर्णायक होय. मार्सेयजवळील लेस्ताक ह्या किनाऱ्यावरील गावी सेझान १८७० पासून पंधराएक वर्षे अधूनमधून काम करीत होता. त्याच्या चित्रांत समुद्र आहे, परंतु तो वाहत नाही. घरांच्या छपरांमागे उभ्या केलेल्या निळ्या भिंतीसारखा तो घट्ट आहे. १९०८ च्या उन्हाळ्यात ब्राक त्याच गावी गेला आणि त्याने 'लेस्ताक येथील घरे' हे चित्र काढले. त्यात समुद्रही नाही आणि आकाशही नाही. घनाकार घरे एकमेकांवर चढत चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत पोचली आहेत. घनवादाचा आरंभ ज्या चित्रांपासून मानला जातो त्यांत ह्याची गणना होते. म्हणजे आधुनिक चित्रकलेतील एक मोठे स्थित्यंतर समुद्रकिनाऱ्यावर, समुद्राकडे पाठ फिरवून घडले! किनाऱ्यावर जाऊन समुद्र वगळणे हा रझा ह्यांचा लहरीपणा नव्हता. त्यामागे चाळीस वर्षांची परंपरा उभी होती.

कान्य-सुर-मेर ह्या किनाऱ्यावरील गावाचा जुना भाग टेकडीवर आहे. त्याला ओ-द-कान्य म्हणतात. माथ्यावर ग्रिमाल्दी घराण्याचा मध्ययुगीन किल्ला आणि त्याच्या भोवती उतारावर दाटीने बसविलेली दगडी घरे अशी त्याची रचना आहे. रझा ह्यांनी १९५१ मध्ये ह्या गावाचे 'ओ-द-कान्य' ह्याच नावाचे चित्र गॉशमध्ये काढले. हे चित्र आणि त्याच्या आगेमागे काढलेली प्रोव्हान्समधील गावांची चित्रे हा एक स्वतंत्र गट मानला पाहिजे.

मुंबईतील पावसाच्या चित्राशेजारी हे चित्र ठेवले असता दोन्ही एकाच हाताची आहेत, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. सहा वर्षांत ओल्या कागदाची जागा कोरड्या पृष्ठभागाने घेतली आहे. घरे म्हणजे रंगाच्या सपाट पातळ्या. त्यांच्या कडा कापून काढल्यासारख्या तीक्ष्ण. भिंतींना वजन नाही, छाया नाही, आणि तरीही प्रत्येक भिंत शेजारच्या भिंतीला आधार देते. एका भिंतीची जागा बदलली तर सबंध गाव कोसळेल असे वाटावे, इतकी ही रचना परस्परावलंबी आहे. गावात माणूस नाही. ह्या काळातील काही चित्रांत काळा सूर्य आढळतो. भूमध्य सागराच्या उन्हाविषयी जे काही लिहिले व रंगविले गेले आहे, त्याला हा काळा सूर्य अगदी विसंगत आहे. त्या किनाऱ्यावर सुट्टी घालविण्यासाठी येणाऱ्या प्रवाशाला अभिप्रेत असलेले ऊन ते हे नव्हे. मात्र वैशाखात भर दुपारी ज्याने विदर्भात किंवा मराठवाड्यात आकाशाकडे पाहिले आहे, त्याला अतितेजाने डोळ्यांपुढे येणारी काळिमा अपरिचित असणार नाही.

ह्या चित्रात यथादर्शनाचे नियम पाळलेले नाहीत. दृष्टी एका जागी उभी राहत नाही. ती घराघरांवरून चढत जाते. जागेवर बसून केलेली ही नोंद नव्हे. चित्रकाराने गाव पाहिले, ते मनात मोडले आणि पुन्हा रचले. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांत 'स्मरणचित्र' नावाचा एक विषय असतो आणि नांदेड-लातूरकडील शाळांतील हजारो विद्यार्थी आजवर तो देत आले आहेत. त्यात पाहिलेले दृश्य जसेच्या तसे आठवून काढणे अपेक्षित असते असा समज आहे. वास्तविक स्मरणाचे कार्य वगळण्याचे आहे. रझा ह्यांच्या ह्या चित्रात वगळण्याची क्रिया फार दूरवर नेली आहे : माणसे गेली, झाडांचा पाला गेला, समुद्राची निळाई गेली. उरली ती घरांची बांधणी.

तुलनेसाठी सुतीन ह्या चित्रकाराचे उदाहरण घेता येईल. त्यानेही १९२० नंतरच्या वर्षांत हेच कान्य गाव रंगविले. त्याच्या चित्रांत घरे झोकांड्या खातात, रस्ते वेटोळे घेतात, सबंध टेकडी भूकंपात सापडल्यासारखी हलते. एकाच गावातून एकाला प्रक्षोभ मिळाला आणि दुसऱ्याला स्थैर्य. स्थळ चित्रकाराला घडविते हे विधान अर्धेच खरे आहे, हे दाखविण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

मग हे स्थैर्य आले कोठून? सेझान आणि ब्राक ह्यांचे ऋण निर्विवाद आहे. रझा ह्यांनी ते कधी नाकारलेही नाही. परंतु सपाट रंगपातळ्या, छायेचा अभाव, कड्यांची तीक्ष्णता आणि खालून वर चढत जाणारे अवकाश ही वैशिष्ट्ये राजपूत व जैन लघुचित्रांतही आहेत, आणि ह्या चित्रांतील निर्भय रंगयोजना पॅरिसपेक्षा तिकडेच अधिक झुकते. ह्याहून महत्त्वाचा पुरावा मात्र हरी अंबादास गाडे ह्यांचा आहे. गाडे मूळचे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. तेही नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मुंबईस आले आणि त्याच ग्रुपचे सदस्य झाले. ते रझांप्रमाणे फ्रान्समध्ये स्थायिक झाले नाहीत. तरी त्यांच्या निसर्गचित्रांतही घरे कोनाकोनांची होतात, भिंती रंगाच्या पातळ्या बनतात, माणूस मागे सरतो. भौमितिक निसर्गचित्र ही जर केवळ भूमध्य सागराच्या किनाऱ्याची देणगी असती, तर ते गाडे ह्यांच्याकडे आलेच नसते. छापील चित्रांतून व मुंबईतील युरोपीय रसिकांच्या संग्रहांतून सेझान त्यांच्यापर्यंत पोचला असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण तो मान्य केल्यास प्रवासाचे एकमेव कारणत्व आणखीच दुबळे होते. नागपूरच्या शाळेतून आलेल्या ह्या दोन चित्रकारांची १९४८ ते १९५२ मधील निसर्गचित्रे शेजारी शेजारी ठेवून अभ्यास होणे अत्यंत आवश्यक आहे. मराठी कलेतिहासाने गाडे ह्यांच्याकडे केलेले दुर्लक्ष ह्या एका प्रश्नापुरतेही महागात पडले आहे.

१९५२ मध्ये पॅरिसमधील गालरी सँ-प्लासिद येथे रझा, सोझा आणि पदमसी ह्यांचे एकत्रित प्रदर्शन झाले. १९५३ मध्ये एकोल दे बोझारमधील शिक्षण संपल्यावर रझा ह्यांनी पॅरिस सोडले नाही. ह्या सुमारास ते गॉशकडून तैलरंगाकडे वळले आणि पुढील पाच वर्षांत चित्र हळूहळू पुन्हा बदलले. रंगाचा थर जाड झाला. गावे, चर्चचे मनोरे आणि झाडे पुन्हा एकमेकांत मिसळू लागली. लाल, काळा आणि पिवळा हे रंग धगधगू लागले. १९५६ मध्ये त्यांना 'प्री द ला क्रितीक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले परदेशी चित्रकार होत. पुरस्काराची हकीकत वारंवार सांगितली जाते म्हणून येथे तिचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे, की १९५६ मधील हा विरघळणारा आकार १९४५ मधील विरघळणाऱ्या आकारासारखा नाही. मुंबईच्या चित्रात पाण्याने कडा पुसल्या होत्या. येथे कडा रंगाच्या आत दडलेल्या आहेत. खालचा सांगाडा ओ-द-कान्यच्या गावाचाच आहे. तो हाताला एकदा बसला होता, म्हणूनच त्यावर रंगाचा एवढा भार टाकता आला. कान्यचे चित्र वगळल्यास हा दुसरा टप्पा अनाकलनीय ठरतो, आणि ह्याच कारणास्तव त्याला वळसा म्हणणे चुकीचे आहे.

इतर चित्रकारांच्या बाबतीत हे सूत्र जसेच्या तसे लागू करता येणार नाही. साबावाला ह्यांनी पॅरिसमध्ये आंद्रे लोत ह्या घनवादी शिक्षकाकडे रीतसर बांधणीचे धडे घेतले आणि मुंबईस परतल्यावर कित्येक वर्षांनी त्यांच्या चित्रांत समुद्र आला : शांत, पारदर्शक, त्रिकोणी शिडांनी छेदलेला. सोझा गोव्यातील साळगावचे, म्हणजे किनाऱ्याच्या सान्निध्यात जन्मलेले. त्यांच्या निसर्गचित्रांवर मात्र समुद्रापेक्षा चर्चचे व नगराचेच वर्चस्व आहे. बाकरे १९७५ मध्ये युरोपातून परत आले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड येथे समुद्राकाठी अखेरपर्यंत राहिले. आणि ज्यांनी कोकणचा समुद्र आयुष्यभर जलरंगात रंगविला ते प्रल्हाद अनंत धोंड ह्यांच्या ओल्या, वाऱ्याने हललेल्या किनाऱ्यांना भूमध्य सागराच्या प्रवासाची गरज पडली नाही. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावदेखील 'रापण', म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे. समुद्राकडे पाहण्याची ही रीत किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाची आहे. रझा ह्यांची रीत नदीच्या खोऱ्यातून आलेल्या माणसाची आहे. दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु महाराष्ट्रातील निसर्गचित्राचा इतिहास केवळ पहिल्या रीतीच्या आधारे लिहिला गेल्यास विदर्भ आणि मराठवाडा ह्या प्रदेशांतील चित्रकारांच्या दृष्टीला त्यात जागाच उरत नाही.

रझा ह्यांचा विवाह १९५९ मध्ये जानीन माँजिला ह्या फ्रेंच चित्रकर्तीशी झाला. पुढे त्यांनी इटलीच्या सरहद्दीजवळ, माँताँच्या मागील डोंगरात असलेल्या गोर्बिओ ह्या लहानशा गावी घर केले. त्यानंतर अनेक वर्षे ते उन्हाळ्यात तेथे राहून चित्रे काढीत. गोर्बिओ हेही ओ-द-कान्यप्रमाणेच टेकडीवर दाटीने रचलेले दगडी गाव आहे आणि समुद्र तेथून काही किलोमीटरांवर आहे. ज्या वर्षांत 'बिंदू', 'माँ', 'सौराष्ट्र' ह्यांसारख्या चित्रांनी त्यांना भारतीय प्रतीकांचा चित्रकार म्हणून ख्याती मिळवून दिली, त्या वर्षांतील त्यांच्या कामाचा मोठा भाग ह्या गावी झाला. गावातील शिक्षकाने भिंतीवर ठिपका काढून चंचल मुलाला त्याकडे पाहत बसविले, ही बालपणीची गोष्ट बिंदूचा उगम म्हणून सांगितली जाते व ती खोटी मानण्याचे कारण नाही. मात्र भिंतीवरील त्या ठिपक्याचे चित्र होण्यापूर्वी ओ-द-कान्यच्या भिंती रचल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्यावर टांगलेले काळे वर्तुळ बिंदूच्या पंचवीसहून अधिक वर्षे आधीचे आहे.

जानीन ह्यांचे २००२ मध्ये निधन झाले. रझा २०१० च्या अखेरीस कायमचे भारतात परतले आणि २३ जुलै २०१६ रोजी दिल्ली येथे वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना मंडला येथे, नर्मदेच्या परिसरात, वडिलांच्या कबरीशेजारी दफन करण्यात आले.